दुसरा माइक आणि फूटपट्टी

इलेक्ट्रिक गिटार घरी रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते. खोलीत ॲम्प इतका छान वाजत होता, मग रेकॉर्डिंगमध्ये असा चिरका का आला? तक्रार रास्त आहे. वाजवताना आपण ॲम्पपासून दोन-अडीच मीटरवर असतो आणि आपले कान स्पीकरच्या बरेच वर असतात. आपल्यापर्यंत पोचतो तो स्पीकरच्या सरळ रेषेच्या बाहेरचा, जमिनीवर आणि भिंतींवर आपटून चार वाटांनी आलेला आवाज. माइक मात्र जाळीच्या कापडाला नाक लावून बसलेला असतो. तिथे कान नेऊन कुणी कधी गिटार ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

यावर सगळ्यांना सुचणारा इलाज म्हणजे दुसरा माइक. एकाच्या हातून सुटलं ते दुसरा पकडेल, मग दोघांची बेरीज करू, असा सरळ हिशेब. तो अपुरा आहे. दुसरा माइक आपला रंग घेऊन येतो हे खरं, पण त्याबरोबर आपलं अंतरही घेऊन येतो, आणि दोन माइक एकत्र केल्यावर जे ऐकू येतं त्यात रंगाइतकाच, कित्येकदा रंगाहून जास्त, वाटा त्या अंतराचा असतो. कुठला माइक घ्यायचा यावर माणसं महिनोन्महिने डोकं खपवतात आणि तो ठेवायचा कुठे हे दहा मिनिटांत उरकतात. माझ्या मते हे प्रमाण उलटं हवं.

आधी स्पीकर पाहू, कारण इलेक्ट्रिक गिटारमध्ये तो वाद्याचाच एक भाग असतो. नेहमीच्या बारा इंची गिटार स्पीकरला वेगळा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, नसतो. सर्वांत जाड तारेचा सूर साधारण ८२ हर्ट्झचा, आणि वरच्या बाजूला ५,००० हर्ट्झच्या आसपास स्पीकरचा आवाज झपाट्याने घसरायला लागतो. आवाज मुद्दाम फाडणारं डिस्टॉर्शन पेडल थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे संगणकात आवाज घेणाऱ्या पेटीत, लावून ऐकलं की कळतं, स्पीकर किती किरकिर गाळून टाकत होता ते. खालचे सूर वाजताना त्याचा कागदी पडदा एकसंध मागेपुढे होतो. वर जावं तसतसा तो तुकड्यातुकड्यांनी हलू लागतो, आणि सर्वांत वरचे सूर मधल्या टोपीच्या आसपासून अरुंद झोतात समोर फेकले जातात. म्हणून टोपीसमोर धरलेल्या माइकला आवाज लख्ख आणि टोकदार मिळतो, कडेकडे सरकवलं की तोच आवाज जाड आणि मवाळ होत जातो. टोपी जिथे पडद्याला चिकटवलेली असते त्या गोलाच्या आसपास माइक दोन सेंटिमीटर इकडचा तिकडे केला तर ॲम्पच्या ट्रेबलच्या बटणाला हात लावल्यासारखा फरक पडतो.

काळ्या कापडामागे टोपी नेमकी कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. टॉर्च कापडाला तिरकी टेकवली की दिसते. एकदा दिसली की कापडावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवावा. कॅबिनेटमध्ये दोन किंवा चार स्पीकर असतील तर प्रत्येक वेगळा ऐकून पाहावा. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे असले तरी ते एकसारखे वाजत नाहीत, आणि त्यातला बरा कुठला हे शोधणं फुकट असतं.

आता माइक. सुरुवात शुअर एसएम ५७ पासूनच करावी लागते, कारण गिटार ॲम्पसमोर गेली कित्येक दशकं तोच उभा आहे. हा माइक १९६५ साली आला. त्याचं मूळ १९५९ च्या युनिडाइन ३ मध्ये, म्हणजे अर्नी सीलर या अभियंत्याने बनवलेल्या कॅप्सूलमध्ये आहे. नावातला एसएम म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’. डोळ्यांसमोर होते ते बोलण्याच्या आवाजाचे, प्रसारणाचे स्टुडिओ. गिटार ॲम्प त्या बेतात नव्हता. पण या माइकचा प्रतिसाद ६,००० हर्ट्झच्या आसपास थोडा वर उचललेला आहे, आणि गिटार स्पीकर नेमका त्याच भागात खाली येत असतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असा हा योगायोग. त्यात डायनॅमिक माइक, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या आवाजालाही न डगमगणारा. मात्र याच उचलीमुळे, ॲम्पचा गेन, म्हणजे संकेताची वाढ, खूप असेल आणि माइक टोपीच्या बरोब्बर मध्यावर रोखलेला असेल, तर कानात टाचण्या टोचाव्यात असं काहीतरी हाती येतं. तेव्हा माइक बदलण्याआधी तो कडेला सरकवावा किंवा तिरका करावा.

त्याच पठडीतला दुसरा म्हणजे सेनहायझरचा एमडी ४२१, १९६० पासूनचा. ५७ पेक्षा खाली भरदार, आणि बेस कमी करायला मागे पाच टप्प्यांची कडी. त्याच्या स्टँडच्या पकडीबद्दल मला फारसं प्रेम नाही, आवाजाबद्दल आहे.

रिबन माइकची गोष्ट निराळी. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी टांगलेली असते. तीच हवेबरोबर हलते आणि तीच विजेचा संकेत तयार करते. १९९८ मध्ये आलेल्या रॉयर आर-१२१ मधली पट्टी अडीच मायक्रॉन जाडीची आहे. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. रिबनला वरचे सूर हळुवार ऐकू येतात, टोचणारा भाग आपसूक निवतो आणि खालचा मधला पट्टा भरून येतो. विकृत गिटारवर त्याचं लग्न छान लागतं ते यामुळे. (विकृत म्हणजे डिस्टॉर्टेड, वाजवणाऱ्याबद्दल काही म्हणायचं नाही.)

पण घरात रिबनच्या तीन अडचणी असतात, आणि विकत घेण्याआधी त्यांची जाणीव असलेली बरी. पहिली, बहुतेक रिबन माइक पुढून जितकं ऐकतात तितकंच मागूनही ऐकतात. कडेचं त्यांना जवळपास ऐकू येत नाही. स्टुडिओत मागे मोठी मोकळी खोली असते. घरात मागे कपाट असतं, नाहीतर संगणकाचा पंखा घरघरत असतो. रिबनची आंधळी बाजू त्या पंख्याकडे येईल अशी मांडणी करावी लागते. बायरडायनॅमिकचा एम १६०, जो १९५७ पासून चालत आला आहे, हा इथे अपवाद. त्यात दोन रिबन आहेत आणि तो मुख्यतः पुढचंच ऐकतो. दुसरी अडचण गेनची. साधा रिबन फार क्षीण संकेत देतो. ॲम्प मोठ्याने वाजत असेल तर काही बिघडत नाही, पण आपण शेजाऱ्यांना सांभाळून वाजवणार, मग प्रीॲम्प, म्हणजे माइकचा संकेत वाढवणारा भाग, वर न्यावा लागतो आणि त्याच्याबरोबर सळसळही वर येते. मध्ये छोटा बूस्टर लावला तर २०-२५ डेसिबल स्वच्छ वाढ मिळते. तिसरी गोष्ट फँटम पॉवरची, म्हणजे इंटरफेस केबलमधून माइकला पुरवतो त्या ४८ व्होल्ट विजेची. केबल धड असेल तर तिने सहसा इजा होत नाही, पण सदोष केबलमधून तीच वीज पट्टी ताणून टाकू शकते. जोडण्यापूर्वी इंटरफेसवरचं ते बटण बंद आहे ना, हे पाहायला दोन सेकंद लागतात.

कंडेन्सर या तिसऱ्या, फार संवेदनशील जातीच्या माइकबद्दल थोडक्यात. तो सगळं ऐकतो. घरातल्या छोट्या खोलीत ‘सगळं’ म्हणजे खुर्चीची करकर, पंखा आणि भिंती. समोरासमोरच्या भिंती तीन मीटरवर असतील तर ५७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते, आणि हे घुमणं गाण्याच्या सुराशी जुळेलच असं नाही. खोलीचा आवाज हवा म्हणून दूर कंडेन्सर लावण्याची कल्पना मोहक आहे. त्यासाठी आधी खोली ऐकण्यासारखी हवी.

आता अंतराकडे येऊ.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर. एक माइक जाळीला टेकून आणि दुसरा त्याच्या मागे असेल तर दुसऱ्याला तोच आवाज किंचित उशिरा पोचतो. दोन माणसं एकच वाक्य एकदम बोलताहेत, पण एक जण अर्ध्या श्वासाने मागे आहे, तसं काहीतरी. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी या फरकाइतकी असते, तो सूर एका माइकमध्ये वर जात असताना दुसऱ्यामध्ये खाली येत असतो. बेरीज केली की तो नाहीसा होतो. त्या सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपटीवरही असेच खड्डे पडतात, आणि मधल्या जागी उंचवटे येतात.

आकडे मांडून पाहिले की यातली खरी गोम कळते. फरक १ सेंटिमीटरचा असेल तर पहिला खड्डा १७,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. तिथे गिटार स्पीकर काहीच बोलत नाही, म्हणजे नुकसान शून्य. फरक ५ सेंटिमीटर झाला की खड्डा ३,४०० हर्ट्झवर येतो, गिटारचा चावा नेमका जिथे असतो तिथे. १० सेंटिमीटरला १,७०० वर. ३० सेंटिमीटरला ५७० वर, आणि मग त्याचे वरचे भाऊबंद सगळ्या पट्ट्यात पसरलेले. ‘दोन माइक लावले तर आवाज पोकळ झाला’ असं कुणी म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा माइकच्या जोडीचा काही दोष नसतो. चार बोटांच्या अंतराने तो घोळ घातलेला असतो.

म्हणून पहिलं काम, दोन्ही माइकांची तोंडं स्पीकरपासून सारख्या अंतरावर आणणं. तोंडं म्हणजे बाहेरची जाळी नव्हे. ५७ मध्ये पडदा अगदी पुढे असतो, तर कित्येक रिबनमध्ये पट्टी घराच्या पोटात, बरीच आत. बाहेरून जाळ्या एका रेषेत दिसल्या तरी आतले पडदे पुढेमागे असू शकतात. माइकच्या माहितीपत्रकात पट्टीची जागा दिलेली असेल तर ती मोजून माइकच्या अंगावर पेन्सिलीने खूण करावी. इथे फूटपट्टी खरंच लागते.

फूटपट्टी जवळपास नेते, उरलेलं कानाने करायचं. त्याची एक जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. दोन्ही माइकांची पातळी सारखी करायची, दुसऱ्याची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे त्याच्या लाटेचं वरचं खाली आणि खालचं वर करायचं, आणि मग तो माइक मिलिमीटर-मिलिमीटरने हलवत राहायचा. आवाज सर्वांत पातळ, सर्वांत भिकार जिथे होईल ती जागा शोधायची. तिथे दोन्ही माइक एकमेकांना जास्तीत जास्त खाताहेत, म्हणजे एकमेकांशी जास्तीत जास्त जुळले आहेत. तिथे थांबून पोलॅरिटी सरळ केली की खालचा भाग एकदम भरून येतो. चांगला आवाज शोधण्यापेक्षा वाईट आवाज शोधणं कानाला सोपं जातं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. दोन वेगळ्या जातींचे माइक पूर्ण नाहीसे कधीच होत नाहीत, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तेवढी अपेक्षा ठेवू नये.

एकट्याने हे करायचं तर गिटार कोण वाजवणार? ॲम्पच्या आधी लूपर पेडल लावावं, एक तुकडा वाजवून तो फिरत ठेवावा आणि हात मोकळे करून, बंद हेडफोन लावून ॲम्पसमोर बसावं. लूपर नसेल तर ॲम्पचा गेन वाढवून नुसती त्याची सळसळ ऐकत माइक हलवला तरी चालतं. सळसळीत सगळे सूर एकदम असतात, त्यामुळे माइक सरकताना एखादा झोत वरखाली फिरावा तसा बदल स्पष्ट ऐकू येतो. कानांची काळजी मात्र घ्यावी. ॲम्पच्या तोंडाशी बसून हेडफोनचा आवाज वाढवत नेणं शहाणपणाचं नाही.

‘हे सगळं नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येतं की’ असं कुणी म्हणेल. येतं. ४८,००० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज सेकंदाला तितक्या वेळा मोजला जातो. असं एक मोजमाप, म्हणजे एक सॅम्पल, हवेतल्या साधारण ७ मिलिमीटरइतकं असतं, त्यामुळे मागचा ट्रॅक ओढून पुढच्याच्या रेषेत आणता येतो. मी तरी माइकच हलवणं पसंत करतो. ट्रॅक ओढताना डोळे निर्णय घेतात, लाटेचे डोंगर एकाखाली एक आले की समाधान होतं, आणि तेवढ्यावर काम संपल्यासारखं वाटतं. माइक हलवताना पाहायला काहीच नसतं.

दोन माइकांच्या बाबतीत ‘तीनास एक’ हा नियमही हमखास सांगितला जातो: एक माइक जितका लांब, त्याच्या तिप्पट लांब दुसरा ठेवावा. हा नियम आहे दोन वेगळ्या वाद्यांसमोरच्या दोन माइकांसाठी, एकाचा आवाज दुसऱ्यात फार झिरपू नये म्हणून. एकाच स्पीकरसमोरच्या दोन माइकांना तो लावला तर वर सांगितलेले खड्डे आपण मुद्दाम खणून ठेवतो.

अंतर सारखं ठेवून फक्त कोन बदलण्याचंही एक तंत्र आहे. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने ते ओळखलं जातं, आणि फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉम यांच्या मेटल रेकॉर्डिंग्जमुळे ते पसरलं. दोन ५७, तोंडं शेजारी शेजारी. एक सरळ समोर पाहणारा, दुसरा साधारण ४५ ते ५५ अंशांनी तिरका. माइक दोन्ही तेच, अंतर तेच, तरी सरळ माइक टोक देतो आणि तिरका अंग देतो. दुसरा माइक वेगळ्या जातीचा, महागाचा असायलाच हवा या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही. घरी एक ५७ असेल तर पुढची खरेदी म्हणून मी दुसरा ५७ सुचवेन, आणि सुचवल्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण नव्या खोक्याची मजा त्यात नाही.

तरी ५७ आणि रिबन ही जोडी इतकी रुळली आहे त्याला कारण आहे. एक जिथे उचललेला, दुसरा तिथे नरम. पण या जोडीत घरच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सापळा असतो. एकदिश, म्हणजे मुख्यतः पुढचंच ऐकणारा, माइक स्रोताच्या जवळ नेला की त्याचा बेस फुगतो, आणि दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्या रिबनमध्ये हे फुगणं आणखी जास्त. एकटं ऐकताना ते फार सुखावतं. मग गाण्यात बेस गिटार आणि ड्रमचा किक येतो आणि तिघांची तिथे खेचाखेच सुरू होते. म्हणून जोडीचा निर्णय गिटार एकटी ऐकून घेऊ नये. आणि अगदी हळू आवाजातही घेऊ नये. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू असताना कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. रात्री हळू ऐकून रिबनचा फेडर, म्हणजे पातळीची सरकपट्टी, वर नेला तर दुसऱ्या दिवशी गिटार चिखलात रुतलेली सापडते.

फेडर जुळवताना मी दोघांना समान मान देत नाही. एक माइक मुख्य ठरवतो, तो एकटाच गाण्यात चालेल इतका नीट करतो आणि दुसरा शून्यापासून हळूहळू वर आणतो. यालाही अंतराचंच कारण आहे. दोन्ही माइक सारख्या पातळीवर असले की खड्डे तळ गाठतात. दुसरा १० डेसिबलने खाली असेल तर सर्वांत खोल खड्डाही साधारण सव्वातीन डेसिबलचाच राहतो, म्हणजे मांडणीत थोडं उणंअधिक राहिलं तरी ते पोटात घातलं जातं. आणखी एक: दुसरा माइक चालू केला की एकूण आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज प्रत्येकाला चांगलाच वाटतो. तुलना करायची तर एकूण पातळी सारखी करून करावी. सारखी केल्यावर जोडीचं बरंचसं तेज उतरतं. जे उरतं ते खरं.

दोन माइक डावी-उजवीकडे पॅन करून गिटार रुंद करण्याचा मोह अनेकांना होतो. हेडफोनवर क्षणभर छान वाटतं. फोनच्या एका स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की झाकलेले सगळे खड्डे उघडे पडतात. रुंदी हवी असेल तर तोच भाग पुन्हा वाजवावा आणि दोन टेक दोन बाजूंना ठेवावेत. हाताच्या बारीकसारीक फरकातून जी रुंदी येते ती दुसऱ्या माइकला देता येत नाही.

हळू ॲम्पचा एक त्रास स्टुडिओवाल्यांना सहसा माहीत नसतो. ॲम्पचा आवाज इतका कमी ठेवावा लागतो की माइकला गिटारच्या तारांवरची पिकची टकटक थेट हवेतून ऐकू येते. लांब केबल घेऊन दुसऱ्या खोलीत वाजवायला बसलं की प्रश्न मिटतो. लोड बॉक्स (ॲम्पला स्पीकरच्या जागी जोडायची मुकी पेटी) आणि इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकर आणि माइकच्या आवाजाची संगणकातली नक्कल) वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, शेजाऱ्यांचाही नाही. पण दोन वेगवेगळ्या संचांतले इम्पल्स एकत्र केले तर त्यांच्याही सुरुवाती पुढेमागे असू शकतात आणि तेच खड्डे तिथेही पडतात. पोलॅरिटी उलटण्याची युक्ती तिथेही चालते, फक्त माइकऐवजी सॅम्पल सरकवायचे.

जुळणी एकदा मनासारखी झाली की मी दोन्ही माइकांचा एकच ट्रॅक करतो आणि मूळ दोन बाजूला ठेवून देतो. नाहीतर मिक्सच्या शेवटच्या दिवशी पुन्हा तो फेडर हलवावासा वाटतो आणि गाणं बाजूला राहतं. मांडणीची नोंद वहीत करतो: कुठला स्पीकर, टोपीपासून किती बाजूला, कापडापासून किती लांब, किती तिरका, ॲम्पची बटणं कुठे. फोटोही काढतो, पण फोटोत सेंटिमीटर कळत नाहीत.

आणि दुसरा माइक लावायचा की नाही हे मी आता गाणं पाहून ठरवतो. एकच गिटार, विरळ गाणं, सुरांमध्ये मोकळी जागा असेल तर दोन माइकांचा ताळमेळ बसवण्यात गेलेला वेळ ऐकू येतो. दोन्ही बाजूंना डबल केलेल्या गिटारचे चार थर, वर बेस, ड्रम आणि गायक असतील तर मिक्स चालू ठेवून मी दुसरा माइक म्यूट करून पाहतो. अशा गाण्यात बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, कधी कधी गायकाचा आवाज उलट पुढे येतो. तिथे तो म्यूटच राहू देतो.